सूर्यचुलीतली डाळ

नगर जिल्ह्यातलं ऊन वाया जाऊ नये म्हणून जन्माला आलेला एकच माणूस मी पाहिला: विद्यापीठाच्या सौरऊर्जा केंद्रातले तंत्रज्ञ काका. एका खोलीत दोन पंखे फिरताना दिसले की त्यांचा जीव कासावीस होई. एकमेकांचं तोंड न बघणारे दोन प्राध्यापक त्यांनी एका पंख्याखाली आणून बसवले होते. भांडण मिटलं नाही, पण वीज वाचली. विद्यार्थी संघटनेचा कार्यकर्ता म्हणून मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा माझं क्रांतिकारी पत्रक त्यांनी उलटून पाहिलं आणि म्हणाले, "पुढारी, मागली बाजू कोरीच हाय की. निम्मा कागद वाया घालवला." मजकुराबद्दल अवाक्षर नाही!

रोज सकाळी ते गच्चीवरच्या सूर्यचुलीत तूरडाळ ठेवत आणि सूर्य सरकेल तसा आरसा सरकवत. मध्येच झाकण उघडायची परवानगी कुलगुरूंनासुद्धा नव्हती. डाळ शिजली की तापमान टिपून घेत, चूल बघायला आलेल्या बायकांना वाटी-वाटी चाखायला देत आणि उरलेली भाकरीशी खात. मी गेलो तो नेमका भाकरीच्या वेळी. झालं! 'जनतेच्या उन्हावर कर्मचाऱ्यांची मेजवानी!' पत्रक निघालं, या वेळी दोन्ही बाजूंनी छापलेलं. आधी विचारायचं आणि मग पेटायचं, हे आमच्या संघटनेच्या शिबिरात कुणी शिकवलंच नव्हतं. माझ्या एवढ्या पत्रकांपैकी सरकारी दखल घेतली गेली ती फक्त याची. केंद्राच्या साहेबांचा लेखी आदेश आला: यापुढे चाचणी फक्त पाण्यावर.

काका रागावले नाहीत, तेच जास्त झोंबलं. एवढंच म्हणाले, "आवं, पानी तापल्यालं बघून कोन बाई चूल घेईल? डाळ तिच्या जिभेला लागाय पायजे." पुढच्याच आठवड्यात राजूरकडून बचत गटाच्या बाया आल्या. काकांनी झाकण उघडून वाफ दाखवली, तापमापक दाखवला.

"पन डाळ शिजती का यात?" एकीनं विचारलं.

"शिजती," काका म्हणाले.

बायांनी माना हलवल्या आणि चुलीसाठी नाव न नोंदवताच जीपमध्ये जाऊन बसल्या.

आदेश मागे घ्या, असा अर्ज मी साहेबांना दिला. आयुष्यातला पहिला नम्र अर्ज, उत्तर नाही. शेवटी परवा घरून भिजवलेली डाळ डब्यात घेऊन गच्चीवर गेलो. काकांनी डबा उघडला, एक दाणा बोटांत दाबून पाहिला. "झ्याक भिजलीय," म्हणाले, आणि डबा बंद करून माझ्या हातात परत दिला. "लेखी हाय, पुढारी."

मग त्यांनी आरसा जरासा उन्हाकडे वळवला, आणि आम्ही दोघं पाणी तापायची वाट बघत बसलो.