बूट काढून दिलेलं मत

सुभेदार काकांना कुणी त्यांचं मत विचारलं, की ते आधी पायातल्या चपला काढायचे. ओट्यावर असोत, मारुतीच्या पारावर असोत, नाहीतर मुखेडच्या बसस्थानकात उभे असोत. चपला काढून एका बाजूला जोडीनं ठेवायच्या आणि मगच तोंड उघडायचं. मी वाडीवरच्या शाळेत रुजू झाले आणि त्यांच्या घरातली पुढची खोली घेऊन राहू लागले, तेव्हा मला वाटलं, काही देवाधर्माचं असेल. पंधरा दिवसांनी न राहवून विचारलंच. ते म्हणाले, "बाई, अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली. बूट घातलेल्या माणसाला मत नसतंय, हुकूम असतोय. आता मत द्यायचं म्हणलं की पाय मोकळे लागतात."

त्यांची दुसरी खोड अशी, की ते आधी समोरच्याची बाजू मांडायचे. तीही इतकी झकास, की समोरच्यालाही ती तशी सुचली नसती. बांधावरून भांडणारे दोघे त्यांच्याकडे यायचे आणि एकमेकांची बाजू ऐकून गोंधळून परत जायचे. एकदा काकूंनी म्हातारी झालेली म्हैस विकायची काढली. काकांनी म्हैस का विकू नये, हे म्हशीच्या वतीनं अर्धा तास सांगितलं. शेवटी काकू म्हणाल्या, "म्हशीची बाजू म्हशीला मांडू द्या. तुम्ही उठून तेवढी वैरण टाका." वाडीतली पोरं त्यांना मागून 'दोन तोंडाचे सुभेदार' म्हणत. त्यांना ते मालूम होतं.

ही सवय त्यांना आफ्रिकेत लागली, असं काकू म्हणायच्या. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत काका शांतिसेनेत निळी टोपी घालून तिकडे गेले होते. तिथला दक्षिणेकडचा एक मुलूख मोठ्या देशातून फुटून स्वतंत्र व्हायच्या बेतात होता. त्याचं नाव वाडीत कुणाच्या जिभेवर बसलं नाही. सगळे त्याला 'सुभेदारांचा देश' म्हणत आणि तो खरोखर त्यांचाच असल्यासारखी चौकशी करत. "काय सुभेदार, तुमच्या देशात पाऊसपाणी बरं हाय का?"

त्या देशातल्या दोन माणसांबद्दल काका पुनःपुन्हा बोलायचे. एक होता देंग, त्यांच्या तुकडीचा दुभाष्या. हे नाव ऐकून वाडीतले लोक "डेंग्यू म्हणा की" म्हणून हसायचे, पण काका हसायचे नाहीत. देंगचं म्हणणं, आमची शाळा, आमचा रस्ता, आमच्या जमिनीतलं तेल, सगळं दूरच्या शहरात ठरतं आणि ठरवणाऱ्यांना आमची भाषा येत नाही. आमच्या घरावर छप्पर नसलं तरी चालेल, दाराची कडी तेवढी आमच्या हातात पाहिजे. दुसरी होती शांतिसेनेच्या तळाच्या फाटकाबाहेर चहा विकणारी एक म्हातारी. तिची एकुलती एक लेक उत्तरेत दिलेली. ती म्हणायची, तुम्ही नकाशावर रेघ मारणार, पण ती माझ्या पोटावरून जाणार. उद्या लेकीच्या बाळंतपणाला जायचं तर मला कागद दाखवावा लागणार.

"दोघंबी खरं बोलत होते," काका म्हणायचे. "हीच तर पंचाईत होती."

मतदानाच्या कागदावर दोन चित्रं होती. एकात वर केलेला एकच हात, तो वेगळं होण्याचा. दुसऱ्यात एकमेकांत गुंफलेले दोन हात, ते एकत्र राहण्याचे. लोकांनी पहाटेपासून रांगा लावल्या. म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन नातवंडं आली. काकांची तुकडी लांबून पहारा देत होती. मतदानाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी देंगनं त्यांना विचारलं होतं, "सुभेदारसाब, तुमचाही देश कधीतरी स्वतंत्र झाला. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?" काका म्हणाले होते, "मी वर्दीत आहे. मला मत नाही."

सहा महिन्यांनी तिथे नवा झेंडा चढला. लोक रस्त्यात नाचले, देंगनं काकांना उचलून घेतलं. काका घरी आले, निवृत्त झाले आणि मुखेडला जाऊन देंगला फोन लावू लागले. पहिली दोन वर्षं फोन लागायचा. मग त्या नव्या देशातली माणसं आपापसांतच भांडायला लागली. काल ज्यांनी एकाच रांगेत उभं राहून मत दिलं, ते एकमेकांची घरं जाळायला लागले. देंगचा फोन बंद झाला तो कायमचा. त्याचं पुढे काय झालं, हे काकांना अखेरपर्यंत कळलं नाही. "हे असं होऊ शकतंय, हे मला त्या संध्याकाळी दिसून राहिलं होतं," ते मला एकदा म्हणाले. "वेगळं होऊ नको असं म्हणलो नसतो मी. पण वेगळं झाल्यावर कशाची फिकर करायची, एवढं तरी सांगायला पाहिजे होतं. वर्दीच्या आड लपलो."

आणि मग आमच्या वाडीनंच वेगळं व्हायचं काढलं.

वाडी आणि वरचं गाव यांच्यामध्ये एक नाला आहे. दोघांची मिळून एकच ग्रामपंचायत. पाण्याची टाकी वरच्या गावात, रेशनचं दुकान वरच्या गावात, सरपंचही पिढ्यान्‌पिढ्या वरच्याच गावाचा. तेव्हाचे सरपंच माधवराव हे काकूंचे सख्खे धाकटे भाऊ. वाडीतला बालाजी नावाचा तरुण शेतकरी पोरं गोळा करून काकांच्या ओट्यावर आला. "काका, तुम्ही एक अख्खा देश वेगळा होताना बघितला. आमची तर नुसती ग्रामपंचायत हाय. तालुक्याचे साहेब येणार हायत, हात मोजणार हायत. तुम्ही बोलायचं."

"मी दोन्ही बाजूंनी बोलंन," काका म्हणाले.

"तुमच्या मेव्हण्याची बाजू मांडणार व्हय?" मागून एक जण म्हणाला. काकू दारात उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या.

सभा आमच्या शाळेच्या पटांगणात झाली. विस्तार अधिकारी खुर्चीत बसले, शेजारच्या खुर्चीत माधवराव. काका उठले, चपला काढल्या आणि बोलू लागले.

"आधी वरच्या गावाची बाजू. त्यांच्या टाकीचं पाणी आपल्याला कमी मिळतंय, पण मिळतंय. वेगळं झालो की मोटर जळली तर आपली, लाइन फुटली तर आपली. लहान पंचायतीला निधी लहान. तालुक्याच्या बैठकीत आपल्या सरपंचाला खुर्ची शेवटची. आन् सगळ्यात मोठी गोष्ट. आज आपण सगळे एक हाओत, ते कशामुळं? वरच्या गावावर राग हाय म्हणून. तो राग संपला की आपण एकमेकांकडं बघणार. एकमेकांकडं कसं बघायचं, हे जर आधी ठरवलं न्हाई तर काय होतंय, ते मी बघून आलोय."

बालाजीचा चेहरा उतरला. माधवरावांनी समाधानानं मान हलवली.

"आता वाडीची बाजू. आपल्या गल्लीत दिवा कुठं लागावा, हे नाल्याच्या पल्याड ठरतंय. आजची सोडली तर इतक्या वर्षांत एक बी ग्रामसभा वाडीत झाली न्हाई. माधवराव वाईट माणूस न्हाई. पण चांगल्या माणसाच्या दारात जाऊन बी रोज मागायचं म्हणलं, की माणसाची मान हळूहळू वाकडी होते. ती वाकडी झालीय हे त्यालाच कळत न्हाई."

एवढं बोलून ते खाली बसले.  मग साहेबांनी वेगळं व्हायच्या बाजूचे हात वर करायला सांगितले आणि पहिला हात काकांचा वर गेला.

साहेब म्हणाले, "काका, तुम्ही तर आत्ताच इतके धोके सांगितलेत?"

"धोके सांगितले साहेब. धोका हाय म्हणून हक्क जात न्हाई."

मी बायकांच्या घोळक्यात काकूंच्या शेजारी बसले होते. आजूबाजूला हात वर होत गेले. काकूंनी आपला हात पदराखालीच ठेवला. माधवराव मोजणी संपायच्या आतच उठून गेले.

त्यानंतर आठ-दहा दिवस काकू नवऱ्याशी बोलल्या नाहीत. ताट समोर ठेवायच्या आणि चुलीकडे तोंड करून बसायच्या. दिवाळीला माहेराहून न्यायला मूळ आलं नाही. लग्नानंतर असं पहिल्यांदाच घडत होतं. भाऊबीजेच्या दिवशी सकाळी काका म्हणाले, "चल, मी सोडतो."

"बोलावल्याबिगर?"

"त्यानं रुसायचं तर माझ्यावर रुसावं. तू कुठं हात वर केलतास?"

मोटारसायकलवरून त्यांनी काकूंना नाल्यापर्यंत नेलं. तिथून काकू ओवाळणीचं ताट पदराखाली धरून एकट्या चढण चढून गेल्या. काका नाल्याच्या पुलावर बसले ते दुपार कलेपर्यंत. मी शाळेचं कुलूप बघायला गेले होते, तेव्हा ते तसेच बसलेले दिसले. काकू परत आल्या. भावानं ओवाळून घेतलं होतं, पण एक शब्दही बोलला नव्हता. काकांनी गाडीला किक मारली, ती दोनदा चुकली. मला वाटतं, दोन्ही बाजू मांडणाऱ्या त्या माणसाला त्या दिवशी एकही बाजू सुचत नव्हती.

ठराव मंजूर झाला होता. फाइल तालुक्याला गेली, तिथून जिल्ह्याला. वर्षं गेली. अखेर वाडीची ग्रामपंचायत झाली, गुलाल उधळला गेला, बालाजीची बायको सरपंच झाली. आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात नळाच्या लाइनवरून मारुतीची गल्ली आणि विहिरीकडची गल्ली समोरासमोर आल्या. काठ्या निघाल्या, त्या कशाबशा परत आत गेल्या. बालाजी संध्याकाळी ओट्यावर येऊन डोकं धरून बसला. "काका, तुम्ही म्हणले तसंच झालं. आता लोक म्हणून राहिलेत, वरच्या गावात होतो तेच बरं होतं."

मला वाटलं होतं, काका आता 'मी सांगितलं होतं' म्हणणार. पण त्यांनी चपला काढल्या आणि त्याच्याजवळ जाऊन बसले. "बालाजी, वेगळं व्हायच्या आधी पाणी आलं न्हाई तर तू कुणाला शिव्या देत होतास?"

"वरच्या गावाला."

"आज कुणाला देशील?"

बालाजीनं डोक्याला लावलेले हात काढले.

"हाच फायदा हाय बघ वेगळं व्हायचा. दोष द्यायला पल्याड कुणी उरत न्हाई. लई जड फायदा हाय. पेलंल त्यानंच घ्यावा. उद्या सभा लाव, आन् पैलं बोलायला विहिरीकडच्या गल्लीला दे. मधी बोलू नको."

सभा तीन वेळा उधळली, चौथ्यांदा निभली. पाण्याच्या पाळ्या ठरल्या. त्यावर अजूनही कुरबुर चालते म्हणे, पण काठ्या पुन्हा निघाल्या नाहीत. वाडी काही स्वर्ग झाली नाही. रस्ता आजही अर्धाच आहे.

त्या पावसाळ्यात माझी बदली लातूरला झाली. जावं की राहावं, असं मी काकांना विचारलं तेव्हा त्यांनी राहण्याची सात कारणं दिली आणि स्वतःच माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवली.

पुढे काही वर्षांनी ते नांदेडच्या दवाखान्यात असल्याचं कळलं, म्हणून भेटायला गेले. खाटेशेजारी माधवराव बसले होते. काकांना छातीत कळ आली तेव्हा वाडीत एकही चारचाकी नव्हती. काकूंनी भावाला फोन केला आणि अबोला सोडून तो जीप घेऊन आला. मी पोचले तेव्हा दोघं मेव्हणे भांडत होते.

"आमच्यात राहिला असता तर रस्ता पुरा झाला असता," माधवराव म्हणत होते.

"झाला असता की. पण तुमच्या दारापर्यंतच," नाकात नळी असलेले काका म्हणाले.

"दोघंबी गप बसा," काकू म्हणाल्या. पण त्यांच्या चेहऱ्यावर किती वर्षांनी मी ती मोकळीक पाहिली!

काका घरी गेले आणि दोन महिन्यांनी झोपेतच गेले. तेराव्याला मी लातूरहून गेले. जेवणं उरकल्यावर पंचायतीच्या नव्या दोन खोल्यांसमोर वाडी शोकसभेला बसली. माधवराव आले आणि बाहेरच्या लिंबाखाली उभे राहिले. बालाजीनं त्यांना आत बोलावलं.

"ही तुमची ग्रामसभा हाय," माधवराव म्हणाले. "मी इथला न्हाई."

माधवराव आयुष्यभर या वाडीत येत आले होते. त्यांना कधी कुणी आत या म्हटलं नव्हतं, कारण ते विचारून येतच नसत. बालाजी आत गेला, तांब्या भरून आणला आणि दारात आलेल्या पाहुण्याला देतात तसं त्यांच्या हातावर पाणी घातलं. माधवरावांनी हात धुतले, तोंड पुसलं आणि बालाजीनं दाखवलेल्या जागी, सगळ्यांच्या बरोबरीनं, खाली सतरंजीवर बसले.