मोठ्या चाकांवरची झोप

माझी पहिली स्कूटर दहा इंची चाकांची होती. मी मोहाडी तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. घरापासून शाळा बारा किलोमीटर, त्यातला अर्धा रस्ता कालव्याच्या कडेने जातो. त्या रस्त्यावर माझी नजर सतत चाकापुढच्या चार हातांवर असायची. डावीकडे बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, हिरव्याच्या पिवळ्या कधी झाल्या, ते मला शाळेतली मुलं सांगत.

पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. सकाळी रस्त्यात पाणी साचलेलं दिसलं आणि त्यात एक पांढरा ढग. इतकं स्वच्छ आभाळ होतं त्या पाण्यात, की खाली खड्डा असेल असं मनात आलंच नाही. खड्डा घमेल्याएवढाच होता. पुढचं चाक त्यात पूर्ण उतरलं आणि तिथेच थांबलं. मी मात्र पुढे गेले. डाव्या मनगटाला प्लास्टर लागलं आणि मी दीड महिना घरी बसले.

लग्नाला अकरा वर्षं झाली तरी सासूबाईंशी माझं बोलणं कामापुरतंच होतं. आता एका हाताने वेणी घालता येईना, म्हणून रोज सकाळी त्या माझ्यामागे बसून वेणी घालून देऊ लागल्या. चेहरा दिसत नाही तेव्हा माणूस जास्त बोलतं की काय, कोण जाणे. त्या मागून माहेरच्या गोष्टी सांगत आणि मी समोरच्या भिंतीकडे बघत ऐकत राही. त्यांचं माहेर करडी गावाच्या पुढे, एका मोठ्या तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी. तीन वर्षांत त्या तिकडे गेल्या नव्हत्या. कंबरेचा मणका दुखायचा. एसटी गावापर्यंत जात नाही आणि माझ्या स्कूटरवर त्या एकदाच बसल्या होत्या, बाजाराला जाताना. अर्ध्या वाटेत उतरल्या आणि चालत परत आल्या.

प्लास्टर निघाल्यावर मी नवऱ्यासोबत मिस्त्रीकडे गेले. माझी गाडी त्याच्याकडेच दुरुस्तीला होती.

मी म्हटलं, "चूक माझीच. खड्डा दिसला नाही."

"दिसला असता तरी किती चुकवान, मॅडम? चाक लहान हाये," तो म्हणाला.

त्याने दुकानातून दोन जुनी चाकं आणली. एक माझ्या गाडीसारखं, दुसरं बरंच मोठं. दुकानापुढच्या नालीवर फरशा होत्या आणि दोन फरशांमध्ये वीतभर फट. त्याने लहान चाक ढकललं. ते फटीत उतरलं आणि अडकून बसलं. मग मोठं ढकललं. ते किंचित दबलं, फट ओलांडून पलीकडे गेलं आणि चहाच्या टपरीच्या बाकाला जाऊन टेकलं.

"खड्डा तोच. पण मोठं चाक त्याच्यात पडतच नाही, वरून चालत जाते," मिस्त्री म्हणाला.

त्याच्याकडे चौदा इंची चाकांची एक जुनी स्कूटर विकायला होती. मी बसून पाहिलं, तर फक्त पायाची बोटं जमिनीला लागत होती. घरी येऊन नवऱ्याने तेच काढलं. "तुझे पाय पुरत नाही जमिनीले. पडशील अजून."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझ्या बापाच्या बैलबंडीचं चाक माझ्या छातीइतकं होतं. चिखलाच्या बांध्यांतून बंडी निघे, पण अडकत नव्हती. घेऊ दे तिले."

मिस्त्रीने सीटचा फोम कापून गाडी दोन बोटं खाली आणली आणि ती घरी आली.

कालव्याच्या रस्त्यावर पहिल्या दिवशी मला आवाजच ओळखीचा वाटेना. आधी प्रत्येक खड्डा खडखडत दातांपर्यंत यायचा. आता कुठेतरी खाली, दूर काहीतरी घडतंय, इतकंच कळायचं. सुट्या गिट्टीवर हँडल थरथरत नव्हतं. गाडी सरळ धरली की सरळ जात राहायची. बाजाराच्या गल्लीत वळवताना मात्र ती आळशी होती, तिथे मला उतरून ढकलावी लागे. पण कालव्यावर माझी मान वर झाली. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा पाहिलं, की सकाळी बगळे एकाच तारेवर, एकाच दिशेला तोंड करून बसतात.

दिवाळीनंतरच्या रविवारी सासूबाई म्हणाल्या, "नेतेस का मले?"

आम्ही दुपारी जेवून निघालो. लवकर येणारा हलका धान कापून झाला होता, उशिराचा भारी उभा होता. उन्हाला कोवळेपणा आला होता. त्या एका बाजूला पाय सोडून बसल्या आणि दोन्ही हातांनी मला कंबरेशी धरलं. थोडा वेळ त्या बोलत होत्या. मग बोलणं विरळ झालं आणि पाठीवर त्यांचं डोकं टेकलं. त्यांना झोप लागली होती. मी वेग सायकलीइतका केला आणि डाव्या हाताने त्यांची मनगटं धरून ठेवली. कंबरेच्या दुखण्याने ज्या बाईला घरच्या गादीवर डोळा लागत नव्हता, ती रस्त्यावर झोपली होती.

तलावाची पाळ आली. गावाकडे वळायचा रस्ता दगडांचा होता, उताराचा. वळले असते तर त्या जाग्या झाल्या असत्या. मी वळले नाही. पाळीवरून सरळ गेले, पाण्याला वळसा घालत. उजवीकडे शिंगाड्याचे वेल पाण्यावर पसरले होते, पाणकोंबड्या त्यावरून चालत होत्या. किती वेळ गेला कळलं नाही. रस्ता संपला तिथे मोहाची झाडं होती आणि पलीकडे जंगल. मी हळूच गाडी थांबवली.

त्या जाग्या झाल्या. "कोणतं गाव होय हे, समोरचं?"

"तुमचंच, आई."

त्या उतरल्या आणि पाण्यापलीकडे बघत राहिल्या. "मंग देऊळ उजव्या हाताले काहून हाये?"

"आपण दुसऱ्या काठावर आहोत. तुम्ही झोपला होता, मला उठवावंसं वाटलं नाही."

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "मी पाच वर्षांची होती तवा माझी आई गेली. मले सांगतलं, तलावाच्या पलीकडं गेली. मी रोज पाळीवर उभी राहून इकडं पाहत होती. मोठी झाल्यावर समजलं. पण इकडं कोणी येऊ देत नव्हतं, जंगलाचं भ्या."

त्यांनी मागे वळून मोहाच्या झाडांकडे पाहिलं, जंगलाकडे पाहिलं. वारा नव्हता. एक पान फिरत फिरत खाली येत होतं.

"काही नाही ना इथं," त्या म्हणाल्या. "बरं हाये पण. सावली हाये."

त्या पाण्यात पाय सोडून बसल्या. मी शेजारी बसले. त्यांनी माझं बरं झालेलं मनगट हातात घेतलं, पालथं केलं, सुलटं केलं आणि तसंच धरून ठेवलं. समोरच्या काठावर कोणीतरी म्हशी धूत होतं, त्याचा आवाज पाण्यावरून उशिरा पोचत होता. आम्ही अर्धा तास तरी तशाच बसलो.

उन्हं कलायला लागली तेव्हा त्यांच्या भावाकडे पोचलो. मामा ओसरीवर वाट बघत उभे होते. "इतका उशीर काहून, बाई?"

"फिरून आलो," त्या म्हणाल्या.

निघताना मामांनी नुकतेच काढलेले शिंगाडे दिले, पिशवीभर. मी सीट उचलली. मोठ्या चाकाने मागची जागा खाल्लेली, डिक्कीत एक रेनकोट जेमतेम मावतो. सासूबाईंनी पिशवी मांडीवर घेतली, आमच्या दोघींच्या मध्ये. घरापर्यंत ती माझ्या पाठीवर गळत राहिली आणि त्या मागे बसून एकेक शिंगाडा सोलून खात होत्या, मधूनच एक माझ्या तोंडात देत होत्या.