बिनफुग्याची बायको

माझी मावशी सुपरहिरोंच्या तोंडी शब्द घालायची. काका चित्रं काढायचे, मावशी त्यांवर संवादांचे फुगे काढून आत लेखकाने दिलेला मजकूर वळणदार अक्षरांत लिहायची. आज पडद्यावर हातोडा फेकणारे देव आमच्या घरी केव्हाच येऊन गेले होते. युरोपच्या बर्फाळ उत्तरेकडच्या जुन्या कथांतून उचलून काकांनी त्यांना एका साप्ताहिकाच्या कॉमिक्सच्या पानावर आणून बसवलं होतं.

आता काका अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेत. थुंकी नीट गिळता येत नाही, साठली की ठसका लागतो. मावशी एनॅमलचं भांडं हनुवटीखाली धरते, भरलं की धुऊन आणते. दुसऱ्या कुणी धरलेलं त्यांना चालत नाही. ठेवलेली नर्स चार दिवसांत पळाली. मावशी कोपऱ्यावरच्या दुकानात गेली तरी काका आकांत मांडतात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत. आजाऱ्याचा राग करू नये म्हणतात, पण मला काकांचा राग येतो.

त्या दोघांनी केलेलं शेवटचं पान फ्रेम करून पलंगासमोर टांगलंय. लबाड देवाला बाकीच्या देवांनी गुहेत खडकाला बांधलंय. वर सापाच्या तोंडातून विष गळतंय आणि त्याची बायको ते भांड्यात झेलतेय. भांडं ओतायला ती वळली की थेंब त्याच्या तोंडावर पडतो आणि त्याच्या तळमळण्याने धरणी हादरते. पानावर सगळे बोलतात. बायकोला मात्र फुगा नाही, कारण लेखकाने तिला संवादच दिला नव्हता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय?

त्याच लबाड देवावरचा पिक्चर लागला. मावशी म्हणाली, "तिला काय बोलायला लावलंय, एवढंच बघून येते."

"नको... जाऊ," काका म्हणाले. ती दारातच थबकली.

"तू नीघ. मी आहे," मी तिला जवळजवळ ढकललंच.

ती गेल्यावर काकांनी ओठ घट्ट मिटले, तोंड फिरवलं. थुंकी मानेवर ओघळली. "कितीही रुसा, मी हलणार नाही," मी म्हटलं. शेवटी ठसका लागला आणि त्यांनी हनुवटी माझ्या हातातल्या भांड्यावर टेकवली. मग सगळं सुरळीत चाललं. चक्क डुलकीही लागली त्यांना. इतकी वर्षं हे जमण्यासारखं होतं तर.

जिन्यात मावशीची पावलं वाजली. काकांनी डोळे उघडले आणि चालत्या हाताने माझा हात दूर लोटला.

"मध्यंतरातच आलीस?" मी विचारलं.

"तिथे तो आपला आपणच सुटतो," मावशी म्हणाली. "बायको नाहीच पिक्चरमध्ये."

तिने भिंतीवरचं पान उतरवलं, काच काढली आणि बायकोच्या डोक्याशी एक फुगा काढला. अक्षर अजून तसंच ठसठशीत होतं. तिने लिहिलं, 'हात दुखतो.'

तिने ते पान काकांपुढे धरलं. डोळे भरले त्यांचे. मग चित्रकारच ना ते, पुटपुटले, "तिचा चेहरा... झाकला."

"झाकू दे," मावशी म्हणाली.

"अहो काका, माझ्याकडे व्यवस्थित चाललं होतं तुमचं. तिला सांगा की," मी म्हटलं.

काकांना ठसका लागला. भांडं माझ्या हातातच होतं, मी पुढेही झाले होते. मावशीने पेन ठेवलं आणि भांडं माझ्या हातून काढून घेतलं.