खिळ्यावरचं घड्याळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्या दिवशी नामदेवचं घड्याळ खिळ्यालाच होतं.

तो गेल्याचं मला बाजारात कळलं. आंजीहून भाजी आणणारा त्याचा धाकटा भाऊ वांगी तोलता तोलता म्हणाला, "दादा गेला नं सर. महिना होत आला. तुमाले कोनं सांगतलं नाई काय?" कोण सांगणार होतं... आणि का?

नामदेव आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर, मी तिथलाच तरुण डेमॉन्स्ट्रेटर. अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीची गोष्ट. किरणोत्सर्ग मोजायचं टकटक वाजणारं यंत्र तेव्हा नवंच आलं होतं. नामदेवच्या घड्याळाचे काटे रेडियमचे, अंधारात चमकणारे. जवळ असले तर यंत्र त्यांचीही टकटक मोजायचं, म्हणून यंत्राला हात लावण्याआधी तो ते काढून दाराच्या खिळ्याला अडकवायचा. कधी चुकला नाही.

जाम गावाजवळच्या हमरस्त्यावर दक्षिणेकडून आलेला दगडांचा ट्रक बिघडून पडला होता. तिथून त्यानं गुलाबी ग्रॅनाइटचा एक तुकडा उचलून आणला. मी मिनिटभर मोजून वहीत लिहिलं, आपल्या काळ्या दगडाइतकंच. तो मात्र आठवडाभर, डबा खाऊन झाला की तास-तास टकटक मोजत बसला.

"सर, हा गोटा बोलून राह्यला! काळ्याच्या दुप्पट."

"अबे, गोटे काऊन बोलतीन?"

"थोरियम असन, युरेनियम असन, कणभर. तुमच्याच पुस्तकात लिवलं हाय. मिनिटभरात नाई ऐकू येत ते."

त्याच्या आकड्यांचा कागद विभागप्रमुखांच्या टेबलावर गेला, तेव्हा शेजारी माझी वही उघडी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "सर, गुलाबी दगड मोजताना याच्या हातात घड्याळ होतं."

सगळे हसले. कुणीतरी 'रेडियमशेठ' म्हणालं, आणि ते नाव त्याला चिकटलं. नामदेव माझ्याकडे वळला. "तुमी तं पाह्यलं होतं नं सर, खिळ्याले होतं?" मी वहीची पानं उलटत राहिलो...

यंत्राचं कपाट त्याला बंद झालं. पुढची सगळी वर्षं त्यानं बाटल्या धुतल्या. पण रोज सकाळी आल्या आल्या घड्याळ काढून त्याच खिळ्याला लावायचा, माझ्यासमोर. मग मला चहा आणून द्यायचा. साखर कमी, मला लागते तशी.

खिळा अजून तिथेच आहे, गंजलेला. गुलाबी तुकडा माझ्या कपाटात होता. मागच्या आठवड्यात मी तो कॉलेजात नेऊन तासभर मोजला. दुप्पटच.

नामदेवचा आकडा बरोबर होता. मी खोटं बोललो. हे इथे छापून येईल. पण आंजीला जाऊन, त्याच्या बायकोसमोर बसून, माझ्या तोंडानं हे सांगणं अजून बाकी आहे.