चहा न घेण्याचा नियम

त्या वर्षी मी चहा सोडला होता. म्हणजे घरी प्यायचे, बदलापूरच्या माझ्या एका खोलीत, भिंतीकडे तोंड करून. सोडला होता तो पेशंटच्या घरचा.

मी नर्स. हॉस्पिटलने ‘आता घरी न्या’ म्हणून सांगितलेल्या कॅन्सरच्या पेशंटांकडे जायचं, ड्रेसिंग करायचं, नळी बदलायची, दुखणं कमी होईल असं बघायचं. अंबरनाथ, उल्हासनगर, शहाड, थेट पालेगावपर्यंत. पालेगावात तेव्हा नुकत्याच कुठे बिल्डिंगी उभ्या राहत होत्या. एका उन्हाळ्यात माझे पाच पेशंट गेले. पाचव्याच्या आईने रडत मला मिठी मारली, आणि माझ्या मनात आलं, हिने आता सोडावं, मला पुढच्या घरी जायचंय. त्या विचाराने मीच घाबरले. मग मी नियम केला. कुणाकडे बसायचं नाही, चहा घ्यायचा नाही. चहा घेतला की माणसं बोलतात, बोलली की आपली होतात, आणि आपली झाली की मरतात. त्यापेक्षा काम करावं, हात धुवावेत आणि चालू लागावं.

“आत्ताच घेतला,” हे माझं ठरलेलं वाक्य. दिवसातून सहा घरांत ते म्हणायचे आणि घशाला कोरड पडलेली असायची. संध्याकाळी घरी आल्यावर कुणाशी एक शब्द बोलावा, तर बोलायला कुणी नसायचं.

ऑफिसने एकदा आमच्यासाठी एक बाई बोलावल्या. दुसऱ्यांची दुःखं वाहून नर्सही थकतात, मन सुन्न होतं, असं त्यांनी छान समजावलं आणि उपाय सांगितला, रोज तीन गोष्टींबद्दल कृतज्ञता माना. मी मनात म्हटलं, बाई, एक दिवस माझ्याबरोबर ड्रेसिंगला चला. तरी घरी येऊन करून पाहिलं. एकही गोष्ट आठवेना. पंखा चालू होता, त्याचे आभार मानले आणि आडवी झाले.

उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये एक काका होते. कारखान्यातून रिटायर झालेले फिटर. तोंडाचा कॅन्सर, गालाला आरपार जखम, जेवण नाकातल्या नळीतून. बोलणं बंद, म्हणून उशाशी पाटी. जखमेला फार वास यायचा. मी गोळ्या कुटून त्यांची भुकटी जखमेवर भुरभुरायचे, त्याने वास कमी होतो. त्यांची बायको, म्हणजे मावशी, दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघायची. मी नाक मुरडत नसे. तेवढी मी कामात पक्की होते आणि त्याचा मला गर्व होता. मावशी दर वेळी चहाचं विचारायची, मी दर वेळी आत्ताच घेतलेला असायचा.

मग तिने विचारणं बंद केलं. मला हायसं वाटलं.

पुढच्या खेपेला हात धुऊन वळले, तर तिने पाण्याची विकतची बाटली पुढे केली. तेव्हा अशी बाटली त्या घरांत कुणी आणत नसे.

“सिस्टर, हे तरी घ्या. सिंधी शेटच्या दुकानातनं आणलंय. सील तोडलं नाय, बघा. आमच्या हातचं नाय.”

मला आधी कळलंच नाही. मग माझी नजर भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे गेली आणि तिथून माझ्या छातीवरच्या बिल्ल्याकडे. त्यावर माझं आडनाव होतं. आमच्याकडे आडनाव वाचलं की लोकांना जात कळते. दोन महिने ही दोघं ते वाचत होती.

“मावशी, तसं नाही हो. मी कुणाकडेच घेत नाही.”

“असू द्या,” ती म्हणाली.

रागाने म्हणाली नाही, त्यामुळे जास्त लागलं. असली कारणं तिने जन्मभर ऐकली असणार. माझ्या माहेरी अंगणातल्या कोनाड्यात एक वेगळा कप असायचा. तो कुणासाठी, हे मी कधी विचारलं नव्हतं. मी स्वतः जात पाळत नव्हते, हे खरं. पण नाही म्हणताना समोरच्याला काय वाटत असेल, हा विचार मला एकदाही शिवला नाही, हेही खरं. मी माझं मन जपत होते. लोक जे देत होते ते मी दारातूनच परत करत होते, आणि वर म्हणत होते, मला काही मिळतच नाही.

मी खाली बसले. “चहा करा मावशी.”

ती हलली नाही. “दूध संपलंय,” म्हणाली. आता माझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही हा तिचा प्रश्न होता. मी बसून राहिले.

काकांनी पाटी ओढली. लिहायला त्यांना वेळ लागला. ‘दूध आहे. कर.’ मग ते पुसून माझ्यासाठी लिहिलं, ‘माझं काहीतरी घ्या. उद्या असेन नसेन.’

चहा कपबशीतून आला. आलं घातलेला, साखर जरा जास्त. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. काका एकटक बघत होते. महिनाभर त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंब गेला नव्हता. मी घोट घेतला की त्यांचा घसा हलायचा. मी तो चहा अगदी सावकाश प्यायले.