चांगदेवाच्या बाया

ओतूरच्या कुंभारआळीत चांगदेवाच्या माठांना नाव होतं. चाकावर बसायचा तो, आणि ओला माठ थापीनं ठोकून मोठा करायची त्याची बायको, भागू.

शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर दोघं ओढ्याकाठच्या खाणीवर माती काढायला गेली. भागू अंगानं बारकी, म्हणून खाली नेहमी तीच उतरायची. त्या दिवशी वर बघून ती म्हणाली, "कड फुगलीया. आज नको."

"चार पाट्या काढ, मग जाऊ," चांगदेव म्हणाला.

तिसरी पाटी वर आली आणि कड खाली बसली.

त्यानं नखं तुटेस्तोवर हातांनी उकरलं. माणसं धावून आली. भागूला बाहेर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं. तिला घेऊन सगळे वर गेले. खाली एकटा राहिलेल्या चांगदेवाला समोरच्या ओल्या मातीत तिचा चेहरा दिसला. कपाळ, मिटलेले डोळे, उघडं तोंड, सगळं साच्यासारखं आत उमटलेलं. दुसऱ्या दिवशी गावानं खाण बुजवली.

महिन्याभरानं तो चाकावर बसला. माठ झकास उभा राहिला, पण आत डोकावला तर तळाशी तोच पोकळ चेहरा. दुसऱ्या माठात तेच, तिसऱ्यात तेच. त्यानं चाक भिंतीला टेकवलं. पाण्याला स्टीलची कळशी आणली आणि कांद्याच्या वखारीत हमालीला जाऊ लागला.

घरी आला की मात्र मातीत हात घालायचा आणि भागू करायचा. बसलेली, पाटी उचललेली, थापी मारणारी. सगळ्या भरीव. ओझरच्या एका दुकानदारानं गणपती करून मागितले, तर नाही म्हणाला. आळीतल्या बायका तिन्हीसांजेला त्याच्या दारावरून जायचं टाळू लागल्या.

पण भरीव मूर्ती भट्टीत टिकत नाही. आत राहिलेल्या ओलीची वाफ होते आणि मूर्ती फुटते. आतली माती कोरून काढावी लागते, हे चांगदेवाला काय कुणी सांगायला हवं होतं? पण कोरलं की आत पुन्हा तोच पोकळ चेहरा होणार, म्हणून हात धजत नव्हता. चार वर्षांत एकही भागू भट्टीतून धड बाहेर आली नाही.

मग एकदा निमगाव साव्याहून भागूची धाकटी बहीण अंबाबाई आली. अर्धवट सुकलेल्या मूर्तीसमोर बसून तिनं चेहरा निरखून पाहिला.

"दाजी, भाजल्याचा डाग उजव्या गालावर का केला? आक्काचा तर डाव्या गालावर व्हता."

"मला तसाच दिसला."

"कुठं?"

मातीत उमटलेला उलटा चेहरा त्यानं तिला सांगितला. आणि जे कुणालाच सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. "ती आज नको म्हणली व्हती, अंबे. मीच काढायला लावलं."

अंबाबाई उठून अंगणात गेली. बऱ्याच वेळानं आत आली तेव्हा डोळे लाल होते आणि हातात तार होती. तारेनं तिनं मूर्तीची पाठ कापून वेगळी केली.

"डाग मी बदलते. आतली माती तुमी काढा."

"मला न्हाई जमायचं."

"डोळं मिटा. पण काढायची तुमीच."

त्यानं डोळे मिटून हात आत घातला. बोटांनी कोरत कोरत तो डोक्यापर्यंत पोचला. नाकाच्या जागी आतून खोबण पडली, मग गालाच्या. अंबाबाईनं बाहेरून मूर्ती दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती.

ती भागू भट्टीतून अखंड निघाली.

पुढं त्यानं पुष्कळ केल्या. दोन हजार पाच साली एका चित्रकलेच्या मास्तरांनी त्यातल्या पाच पुण्याच्या प्रदर्शनात नेल्या. चांगदेव गेला नाही. चाकावरही पुन्हा बसला नाही. कोरायची वेळ आली की निमगावला निरोप धाडायचा आणि अंबाबाई एसटीनं यायची. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही. त्यानंही विचारलं नाही.