मोठ्या अक्षरातला मान

सूतगिरणीच्या कॉम्प्युटर खोलीत चपला बाहेर काढूनच शिरायचं, हा नियम बापूसो मगदूमांचा. यंत्र आलं तेव्हापासून काळ्या पडद्यावर कमांड टाइप करावी ती त्यांनीच. त्यातही त्यांना खरा अभिमान होता तो वार्षिक सभेतल्या सत्कारांच्या क्रमाचा. कोल्हापुरात नारळ मिळाला याचं कौतुक थोडंच, तो कुणाच्या आधी मिळाला हे महत्त्वाचं! बापूसोंनी त्यावर युक्ती काढली होती. नावं इंग्रजी लिपीत, आडनाव आधी. संचालक आणि साहेबलोक मोठ्या, म्हणजे कॅपिटल अक्षरांत, कामगार लहान अक्षरांत. सॉर्ट, म्हणजे क्रम लाव, म्हटलं की यंत्र आधी सगळी मोठी अक्षरं घ्यायचं, मग लहान. इतक्या वर्षांत एकाही संचालकानं नाक मुरडलं नव्हतं.

दोन हजार तीन साली कॉम्प्युटरवर लिनक्सची नवी प्रणाली बसली. बसवणारी प्राची, जयसिंगपूरची, नुकतीच नोकरीला लागलेली.

"काका, आवृत्ती बदलली की कमांडची वागणूकही बदलते कधीकधी. एकदा चालवून बघा."

"पोरी, सॉर्ट म्हणजे सॉर्ट. त्यात काय नवीन असतंय?"

सभेच्या दिवशी छापलेला कागद त्यांनी न बघताच स्टेजवर धाडला.

"पहिला सत्कार," निवेदक गरजला, "बाळाबाई आडके!"

कँटीनच्या बाळाबाई पदर सावरत चढल्या. मागच्या रांगांतून शिट्ट्या पडल्या. चेअरमननी नारळ पुढे केला, बाळाबाईंनी ओंजळ केली, आणि संचालक सयाजीराव यादव खुर्चीतून उठले.

"अवो, थांबा की! हे काय चाललंय? कागद बघू. माझं नाव ड्रायव्हरांच्या खाली? मगदूम, तुमचा कॉम्प्युटर प्यालाय काय?"

मांडव हसला. नारळ मागे गेला. रिकामी ओंजळ तशीच धरून बाळाबाई खाली उतरल्या. साहेबलोकांचे सत्कार उरकून त्यांचा नंबर आला तेव्हा नारळ संपले होते.

"नवं मशीन बिघडलंय," बापूसो प्राचीवर घसरले.

तिनं पडदा बघितला. "बिघडलं नाही, काका. नव्यात लहान-मोठी अक्षरं सारखीच धरतात. जुन्यासारखं हवं तर एक ओळ घालते." मग साधेपणानंच विचारलं, "पण काका, ह्या लोकांची नावं लहान का लिहिलीत?"

बापूसो उत्तर द्यायला पडद्याकडे वळले. साहेबलोकांच्या मोठ्या अक्षरांत, बरोबर मधोमध, त्यांचं स्वतःचं नाव होतं. कान तापले. "घालू नको ती ओळ," एवढंच कसंबसं बोलले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून नारळ नेला. वाटभर वाक्य घोकलं होतं: बाळाबाई, चूक माझी. कँटीनच्या दारात ते वाक्य कुठं सांडलं कुणास ठाऊक.

"हा... वाडीच्या देवळातला प्रसाद."

"वाडीला गेलतासा व्हय? जैन असून?" बाळाबाई हसल्या. नारळ कपाळाला लावला. "कालचा क्रम चुकला म्हनं तुमचा. हुतंय की, मशीनच ते."

"व्हय," बापूसो म्हणाले. आणि म्हणता क्षणीच त्यांना स्वतःची शिसारी आली.

बाळाबाईंनी तिथंच नारळ फोडला, खवला, गरम पोह्यांवर पसरला. सूत कातणारे लोक ताटल्या घेऊन रांगेत उभे होते. बापूसो सगळ्यांच्या मागं जाऊन उभे राहिले.

"सरका रं!" बाळाबाईंनी डाव उगारला. "पयली डिश साहेबास्नी!"

रांग आपणहून बाजूला झाली. डिश हातात आली. पोहे खमंग होते, वर खोबरं बापूसोंनीच आणलेल्या नारळाचं.